कार स्टिरिओची जोडणी

कार स्टिरिओची जोडणी म्हणजे मोटारगाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर तिच्या डॅशबोर्डाच्या मधल्या कन्सोलमध्ये वेगळ्या कंपनीचे ध्वनी-उपकरण बसवून ते गाडीच्या विद्युतयंत्रणेशी जोडण्याचे काम होय. या उपकरणाला तांत्रिक भाषेत हेड युनिट म्हणतात. महाराष्ट्रात बोलताना त्याला ‘डेक’ किंवा ‘टेप’ असेही म्हटले जाते. कॅसेट वाजवणारी यंत्रे बाजारातून कधीच गेली, तरी नाव राहिले आहे. आजच्या हेड युनिटमध्ये रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या जोडीला स्पर्शपडदा, दिशादर्शन, ब्लूटूथ आणि मागच्या कॅमेऱ्याचे चित्र अशा सोयी असतात. त्यामुळे या कामाचा संबंध आता केवळ करमणुकीशी राहिलेला नाही. कन्सोलमागच्या त्याच जागेतून एअरबॅग, धोक्याचे दिवे आणि संगणकीय संदेशवहन यांच्या ताराही जातात.

इतिहास

अमेरिकेतील गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये मोटोरोला या नावाने गाडीत बसवण्याचा रेडिओ बाजारात आणला. पुढे हेच नाव कंपनीने स्वतःला घेतले. हा रेडिओ बसवणे मोठ्या खटाटोपाचे काम होते. निर्वात नळ्यांना लागणाऱ्या उच्च दाबासाठी वेगळ्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशी ठेवाव्या लागत, अँटेना छताच्या अस्तरात दडवावी लागे आणि इंजिनाच्या ठिणग्यांमुळे होणारी खरखर थांबवण्यासाठी वेगळे उपाय योजावे लागत. युरोपात जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये एएस ५ हा कार रेडिओ आणला. त्याचा मुख्य संच डॅशबोर्डात मावत नसल्याने नियंत्रणाची कळ स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेली असे. स्टिअरिंगवरची बटणे ही अलीकडची कल्पना आहे असे मानले जाते, त्यामुळे ही नोंद लक्षात घेण्याजोगी आहे.

क्रायस्लर आणि फिल्को यांनी १९५५ मध्ये पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा कार रेडिओ जाहीर केला. नळ्या गेल्या, तशी उच्च दाबाची गरज संपली आणि संच डॅशबोर्डात मावण्याइतका आटोपशीर झाला. फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आली आणि त्या दशकाच्या अखेरीस गाड्यांतही पोहोचली. पायोनिअरने १९८४ मध्ये गाडीसाठी सीडी प्लेअर आणला. अ‍ॅपल कारप्ले २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये वापरात आल्यावर जुन्या गाड्यांत नवा पडदा बसवून घेण्याकडे ओढा वाढला.

भारतात कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे मालक रेडिओ बहुधा बाहेरून बसवून घेत. त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. त्यानंतरच्या दोन दशकांत नवी गाडी घेतली की लगेच टेप बसवून घेणे हा खरेदीचाच एक भाग होऊन बसला.

आकारमान

डॅशबोर्डातील खाचेचे माप जर्मन मानक संस्थेने डीआयएन ७५४९० या मानकात ठरवले. आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकाने तेच स्वीकारले. खाच १८२ मिमी रुंद आणि ५३ मिमी उंच असते. हिला ‘सिंगल डिन’ म्हणतात. जपानी गाड्यांमधून रूढ झालेली ‘डबल डिन’ खाच साधारण १८० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच असते. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ती २०० मिमी रुंद असल्याने दोन्ही बाजूंना भरणीच्या पट्ट्या लावाव्या लागतात. नव्या गाड्यांत पडदा डॅशबोर्डाच्या आकारातच ओतलेला असतो. अशा वेळी त्या विशिष्ट गाडीसाठी बनवलेली प्लास्टिकची फ्रेम घ्यावी लागते.

खोलीचे माप कोणत्याही मानकाने पुरेसे बांधलेले नाही आणि प्रत्यक्ष काम अनेकदा तेथेच अडते. संच खाचेत बसतो. पण त्यामागचे कपलर, अँटेनाची तार आणि वातानुकूलनाची नळी यांना जागा उरत नाही. तेव्हा संच जोराने आत दाबला जातो, एखादी तार धातूच्या कडेवर चेपली जाते आणि काही महिन्यांनी तिचे आवरण फाटते.

तारांची जोडणी

हेड युनिटला वीज दोन मार्गांनी लागते. पिवळी तार थेट बॅटरीशी जोडलेली असते. घड्याळ, रेडिओ केंद्रांची स्मृती आणि मुख्य प्रवाह तिच्यावर चालतात. लाल तारेत फक्त चावी फिरवल्यावर वीज येते आणि संचाने कधी जागे व्हायचे हे ती ठरवते. काळी तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडतात. निळी तार विद्युत अँटेनासाठी, निळी-पांढरी बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी आणि नारिंगी तार दिवे लावल्यावर पडदा मंद करण्यासाठी असते. स्पीकरसाठी पांढरी जोडी पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या बाजूची असते. काळी रेघ असलेली तार ऋण टोकाची. हे रंग सुट्या विकल्या जाणाऱ्या संचांचे आहेत. गाडीच्या स्वतःच्या तारांचे रंग प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. त्यामुळे रंगाला रंग जुळवून केलेली जोडणी हमखास चुकते.

युरोपीय गाड्यांत आयएसओ १०४८७ मानकाचे आठ-आठ टोकांचे दोन कपलर असतात. ‘अ’ कपलरवर वीज आणि ‘ब’ कपलरवर स्पीकर. ‘अ’ कपलरच्या चौथ्या टोकावर कायमची वीज, सातव्यावर चावीची वीज आणि आठव्यावर अर्थ अशी योजना आहे. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक जुन्या गाड्यांत चौथे आणि सातवे टोक उलट असते. अशा गाडीत साधा कपलर लावला, तर संच चालतो. पण चावी काढताच रेडिओ केंद्रांची स्मृती पुसली जाते. मालक संच बिघडला असे समजतो, प्रत्यक्षात दोन टोकांची अदलाबदल करणे एवढाच त्यावर उपाय असतो.

पिवळी आणि लाल तार एकत्र करून दोन्ही थेट बॅटरीला जोडणे हा घाईत केला जाणारा सर्वांत सामान्य प्रकार आहे. तसे केले की संच कधीच पूर्ण झोपत नाही. उभ्या गाडीतून ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह खेचला जाणे सर्वसाधारणपणे मान्य धरतात. त्या गतीने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला महिनाभर लागेल. जागा राहिलेला संच ३०० मिलिअँपिअर ओढू लागला, तर तीच बॅटरी पाच दिवसांत संपते आणि इंजिन सुरू न होण्याइतकी ती त्याच्या बरीच आधी उतरते. गावाला जाऊन आठवड्याने परतल्यावर गाडी सुरू होत नाही आणि दोष बॅटरीवर टाकला जातो. अशा तक्रारीत नवी बॅटरी घेण्याआधी बॅटरीच्या ऋण टोकापाशी मल्टिमीटर लावून प्रवाह मोजणे स्वस्त पडते. मात्र गाडीचे संगणक झोपी जायला काही मिनिटे लागतात, तोवर मीटरवरचा आकडा मोठाच दिसतो.

तारा जोडण्याची रीतही महत्त्वाची आहे. सोललेली टोके पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत सर्रास दिसते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डाचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. त्या उष्णतेत पट्टीचा गोंद पातळ होऊन ती सुटते आणि उघडे तांबे शेजारच्या धातूला टेकते. फ्यूज योग्य असेल, तर तो उडतो. फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल किंवा बॅटरीवरून ओढलेल्या नव्या तारेला फ्यूजच लावलेला नसेल, तर ती तार तापून पेट घेऊ शकते. म्हणूनच बॅटरीवरून नवी तार घेताना फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवतात. संचाच्या पाठीवरचा फ्यूज फक्त संचाला वाचवतो, मधल्या तारेला नाही. जोड दाबून बसवण्याच्या धातूच्या नळीने किंवा डाख देऊन करतात आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवतात. गाडीच्या मूळ कपलरला लागणारी तयार जोडतार मिळत असल्यास मूळ तार कापावीच लागत नाही. हे वॉरंटीच्या दृष्टीनेही सोयीचे असते, कारण कापलेली तार हे विद्युतयंत्रणेवरील दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते.

शक्तीचे आकडे

संचांच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते. हा क्षणिक कमाल आकडा आहे. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. तेवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला साध्या पुल-जोडणीतून स्वच्छ आवाजासाठी प्रति वाहिनी सैद्धांतिकदृष्ट्याही सुमारे २६ वॅटच मिळू शकतात आणि प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतात. संचाच्या पाठीवर १० अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो सलग १४४ वॅटच आत घेतो. त्यातून २०० वॅटचा आवाज सतत निघणे शक्य नाही.

या पुल-जोडणीचा आणखी एक परिणाम असा की स्पीकरची ऋण तार ही अर्थ नसते. तिच्यावरही संचाकडून दाब येत असतो. जुन्या गाड्यांत स्पीकरचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीत नवा संच लावताना स्पीकरपर्यंत नव्या तारा ओढाव्या लागतात, नाहीतर आतील अ‍ॅम्प्लिफायरची चिप निकामी होते.

एअरबॅग आणि संगणकीय जाळे

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. तिच्या तारा आणि कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात आणि स्टिअरिंगमधील गुंडाळ्या पट्टीतून त्या डॅशबोर्डात येतात. वीज शोधण्यासाठी ऑटो इलेक्ट्रिशियन वापरतात तो टेस्ट लॅम्प या तारांना लावणे धोक्याचे आहे, कारण दिव्यातून जाणारा प्रवाह एअरबॅग फोडण्यास पुरेसा ठरू शकतो. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी चावी काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवतात आणि थोडा वेळ थांबतात. एअरबॅगच्या नियंत्रकात साठवलेली वीज लगेच ओसरत नाही. टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तिकांत यासाठी किमान ९० सेकंद सांगितले आहेत. बॅटरी सोडवण्याआधी मूळ रेडिओचा सुरक्षा क्रमांक हाताशी असल्याची खात्री करतात, कारण तो नसेल तर मूळ संच पुन्हा लावल्यावर कुलूपबंद राहतो. काही गाड्यांत काच आपोआप वर जाण्याची सोयही नंतर पुन्हा शिकवावी लागते.

बॉश कंपनीने १९८० च्या दशकात विकसित केलेले कॅन हे संदेशजाळे आज बहुतेक गाड्यांत आहे. अशा गाडीत चावीची वीज कन्सोलपर्यंत वेगळ्या तारेने येत नाही. ‘चावी फिरली’ हा संदेश दोन पिळलेल्या तारांवरून येतो. स्टिअरिंगवरची बटणे, मागचा गिअर आणि काही गाड्यांत पार्किंग सेन्सरचा आवाजही याच मार्गाने जातो. त्या संदेशांचे भाषांतर करणारी छोटी पेटी संच आणि गाडी यांच्या मध्ये लावावी लागते. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगवरचे प्रत्येक बटण वेगळा रोध जोडते. तेथे एकच तार पुरते आणि संचाला प्रत्येक बटण एकदा दाबून ‘शिकवावे’ लागते.

नेहमीचे दोष

एफएम रेडिओ पूर्वीपेक्षा कमकुवत येऊ लागला, तर अँटेनाच्या बुडाशी असलेल्या वर्धकाला वीज मिळत नसण्याची शक्यता असते. ती निळ्या तारेतून किंवा मधल्या जोडतारेतून द्यावी लागते. शहरात हा दोष कळत नाही, घाटात शिरल्यावर जाणवतो. इंजिनाच्या गतीबरोबर चढउतार होणारी शिट्टी ऐकू येणे हे बहुधा कच्च्या अर्थचे किंवा संच आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे अर्थ दूर असल्याचे लक्षण असते. जपानमधून आलेले वापरलेले संच स्वस्त मिळतात. पण तेथील एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन जुन्या संचांत ९० वर संपतो, तर भारतातील केंद्रे १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेली आहेत. पट्टा सरकवणारे जोडयंत्र लावल्यास पडद्यावरची वारंवारता चुकीची दिसते.

फिकट हिरवी तार हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. गाडी उभी असल्याशिवाय पुढच्या पडद्यावर चित्रपट दिसू नये यासाठी ती आहे. दुकानांत ग्राहकाच्या आग्रहावरून ती थेट अर्थला जोडून हे बंधन उठवले जाते. जोडणीच्या बिलावर याचा उल्लेख नसतो आणि गाडी पुढे विकली गेली, तर नव्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

महाराष्ट्रातील बाजार

मुंबईत कुर्ला-कालिना भागातील सीएसटी रस्ता गाड्यांच्या सुट्या आणि सजावटीच्या वस्तूंसाठी ओळखला जातो, तर इलेक्ट्रॉनिक भागांसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रस्ता जुना आहे. पुण्यात नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. जोडणीची मजुरी बहुधा संचाच्या किमतीत धरली जाते. त्यामुळे तयार जोडतार आणि योग्य फ्रेम यांचा वेगळा खर्च टाळण्याकडे कल राहतो आणि मूळ कपलर कापला जातो. कापलेल्या कपलरची गाडी परत मूळ स्थितीत आणायची झाल्यास त्याच जातीचा कपलर भंगारातल्या गाडीतून शोधावा लागतो.