सूर राहिले, जोडणी गेली : अहमदाबादचे मूग यंत्र आणि संगणकातल्या तारा

१९६९ च्या शरद ऋतूत अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत, म्हणजे एनआयडीमध्ये, न्यूयॉर्क राज्यातून एक यंत्र येऊन दाखल झाले. लाकडी चौकटीत बसवलेली धातूची फळी, तिच्यावर बटणांच्या आणि छिद्रांच्या रांगा, आणि सोबत दोन्ही टोकांना खुंटी असलेल्या तारांचा जुडगा. रॉबर्ट मूग यांच्या कंपनीचा हा मॉड्युलर सिंथेसायझर. तो उभारून देण्यासाठी अमेरिकन पियानोवादक आणि संगीतकार डेव्हिड ट्यूडर स्वतः अहमदाबादेत आले होते. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात असे यंत्र भारतात येणे हेच नवल. त्यामागे साराभाई कुटुंबाची दृष्टी होती. गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या असता जॉन केज यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि बदल्यात त्यांनी केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली. ट्यूडर हे केज यांचे निकटचे सहकारी. अहमदाबादची वाट अशी पूर्वीपासूनच तयार होती.

या यंत्राची पहिली विचित्र गोष्ट अशी की वीज चालू केली तरी ते गप्प बसे. त्यात सूर निर्माण करणारे दोलक होते, सुराचा पोत बदलणारे फिल्टर होते, आवाज लहानमोठा करणारे प्रवर्धक होते. पण कोणाचाही कोणाशी संबंध नव्हता. दोलकाच्या छिद्रात तारेची एक खुंटी, फिल्टरच्या छिद्रात दुसरी, तिथून पुढची तार प्रवर्धकाकडे, असे जोडत गेल्यावरच वाद्य तयार होई. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या खाचेत खोचत असे, तोच हा प्रकार. मूग यांच्या यंत्रातल्या खुंट्यांचा नमुनाही मुळात टेलिफोनच्या फळ्यांवरूनच आलेला. म्हणजे कारखान्यातून आली होती ती सामग्री. वाद्य दररोज नव्याने बांधायचे होते.

मूग यांनी १९६४ मध्ये मांडलेली कल्पना साधी आणि दूरगामी होती. दोलकाची वारंवारता हाताने बटण फिरवून बदलण्याऐवजी विद्युतदाबाने बदलायची. दाब एक व्होल्टने वाढला की वारंवारता दुप्पट, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक वर. पट्ट्यांचा कीबोर्ड जोडला तर प्रत्येक पट्टीमागे एक व्होल्टचा बारावा भाग वाढे आणि पाश्चात्त्य बारा स्वर मिळत. पण दाब ही अखंड राशी आहे; तिला पट्ट्यांचे बंधन नाही. दाब हळूहळू चढवला तर दोन स्वरांमधली सगळी जागा ऐकू येते. मींड आणि आंदोलन यांवर पोसलेल्या कानांना हार्मोनियममध्ये जे कधीच मिळाले नाही, ते या यंत्रात तत्त्वतः उपलब्ध होते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे या यंत्राला ‘सूर’ आणि ‘आज्ञा’ असा भेदच ठाऊक नव्हता. दोन्ही विद्युतदाबच. एका दोलकाचा ध्वनी ऐकण्याऐवजी त्याची तार दुसऱ्या दोलकाच्या नियंत्रणाच्या छिद्रात घातली, आणि पहिला सेकंदाला पाच-सहा आवर्तने करीत असला, तर दुसऱ्याचा सूर थरथरतो. तोच पहिला दोलक सेकंदाला काही शे आवर्तनांपर्यंत नेला की थरथर नाहीशी होते आणि त्याजागी घंटेसारखा किंवा धातूसारखा पूर्णपणे नवा पोत उमटतो. तार तीच असते, छिद्रही तेच. बदलतो तो फक्त वेग. संगीताचे व्याकरण असे तारांच्या जोडणीत उतरले होते.

१९६९ ते १९७२ या काळात गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी या यंत्रावर काम केले आणि ते ध्वनिफितींवर उतरवले. ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनासाठीची ध्वनिमुद्रणे त्यांत आहेत, तशीच ‘स्पेस लायनर २००१’ या नावाची जोशीपुरा यांची अंतराळस्वप्नेही. नंतर स्टुडिओ थंडावला आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत व संगीतकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि त्यांतील निवडक ध्वनिमुद्रणे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा आरंभ अनेकांच्या समजुतीपेक्षा बराच मागे गेला.

मात्र फितीवर राहतो तो ध्वनी. तो ज्या जोडणीतून निघाला ती जोडणी, पुढच्या माणसाने तारा उपसल्या त्या क्षणी संपली. कोणी कागदावर आकृती काढून ठेवली असती, तरी प्रत्येक बटण नेमके किती वळवले होते हे त्यात क्वचितच उतरले असते. शिवाय मूग यांचे सुरुवातीचे दोलक तापमान बदलले की सरकत. मैफलीत तंबोरा पुन्हापुन्हा जुळवणाऱ्यांना यात नवे काही वाटू नये. फरक इतकाच की तंबोऱ्याची जुळणी कानात आणि परंपरेत साठलेली असते, या यंत्राची कुठेच नव्हती.

संगणकातील आजची संगीतनिर्मिती या यंत्रांची नक्कल आहे, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये संगणकाकडून संगीत वाजवून घेतले आणि १९६० च्या सुमारास आपल्या ‘म्युझिक ३’ या प्रणालीत दोलक, बेरजेचा घटक, प्रवर्धक असे छोटे घटक ठेवून ते हवे तसे जोडण्याची सोय केली. मूग यांच्या यंत्राआधी चार वर्षे. तिथे निकाल ऐकायला ताटकळावे लागे, हात लावून सूर वळवता येत नसे; पण जोडणी हीच लिहिलेली आज्ञावली असल्याने ती छिद्रपत्रांवर आपोआप जपली जाई. यंत्राला हात होता, स्मृती नव्हती. संगणकाचे नेमके उलट होते. पुढचा सगळा इतिहास या दोहोंच्या भेटीचा आहे.

ती भेट पॅरिसच्या इरकाम संस्थेत घडली. १९८० च्या दशकात तिथे मिलर पकेट यांनी पडद्यावर चौकोन काढून ते रेषांनी जोडण्याची पद्धत विकसित केली आणि मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ तिला ‘मॅक्स’ हे नाव दिले. प्रारंभी त्या रेषांतून ध्वनी वाहत नसे, केवळ आज्ञा वाहत. ध्वनीचे गणित वेगळे यंत्र करी. पकेट यांनीच १९९६ मध्ये ‘प्युअर डेटा’ ही मुक्त प्रणाली आणली. स्टुडिओत काम करणाऱ्या सामान्य संगीतकारापर्यंत ही कल्पना पोहोचवली ती २००० मध्ये आलेल्या स्वीडनच्या ‘रीझन’ या सॉफ्टवेअरने. त्यात एक कळ दाबली की वाद्यांची मांडणी पाठमोरी होई आणि मागे लोंबणाऱ्या तारा चक्क हेलकावे खात. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीचा मार्ग आखलेला असतो : ट्रॅक, मग मिक्सर, मग मुख्य निर्गम. इथे तो मोडायची मुभा होती. २०१७ मध्ये आलेले ‘व्हीसीव्ही रॅक’ तर विनामूल्य आणि मुक्त स्रोत. खऱ्या मॉड्यूलवर लाखो रुपये घालू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला ते मोठेच दान ठरले. गंमत अशी की त्यात वीज नाही, तरी प्रत्येक आकड्याला व्होल्टच म्हणतात, आणि एक व्होल्टला एक सप्तक हा मूग यांचा नियम तिथेही पाळला जातो.

एका ठिकाणी मात्र पडद्यावरची तार खऱ्या तारेसारखी वागत नाही. निर्गमाची तार फिरवून पुन्हा प्रवेशाला जोडली की खऱ्या यंत्रात परिणाम जवळजवळ तत्क्षणी होतो. संगणक मात्र ध्वनीचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने एकामागून एक मोजतो; उत्तर हाती येण्याआधीच ते प्रश्नात कसे घालणार? व्हीसीव्ही रॅकमध्ये म्हणून प्रत्येक तार एका नमुन्याचा, म्हणजे सुमारे २३ मायक्रोसेकंदांचा विलंब घडवते. प्युअर डेटा एरवी ६४ नमुन्यांचा गठ्ठा घेऊन काम करते आणि असे थेट वर्तुळ जोडले तर ते चालवायलाच नकार देते. मुद्दाम विलंब घालून वर्तुळ पुरे केले, तर ते साधारण ६८९ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटींत आपलाच सूर धरू लागते, जो कोणीही मागितलेला नसतो. समीकरणे सोडवून हा दोष कमी करण्याच्या पद्धती आहेत, पण त्या संगणकावर भार टाकतात. आणि नेमके हेच पुनर्भरण, निर्गम पुन्हा प्रवेशात सोडणे, हा ट्यूडर यांच्या पुढील संगीताचा आत्मा होता.

जतनाचा प्रश्नही सॉफ्टवेअरने मिटवला असे नाही, त्याचे रूप बदलले. जोडणी आता छोट्या फाइलमध्ये मावते, पुण्याहून गुवाहाटीला क्षणात जाते. पण ती उघडणारा कार्यक्रम पाच-दहा वर्षांनी चालेलच असे नसते. मॉड्यूल लिहिणाऱ्याने हात काढून घेतला की फाइलमध्ये रिकामी जागा उरते. फिलीप मानुरी यांची पियानोसाठीची ‘प्लुटॉन’ ही १९८८ ची रचना मॅक्सच्या पहिल्या पडद्यावरील जोडण्यांपैकी एक. तिच्यासाठी वापरलेले यंत्र कालबाह्य झाल्यावर पकेट यांना ती प्युअर डेटामध्ये नव्याने उतरवावी लागली. रचनाकार आणि प्रणालीकार दोघेही हयात व सोबत होते, म्हणून ते जमले.

अहमदाबादच्या फितींना तो आधार नाही. त्या ऐकून पडद्यावर तशी जोडणी उभारण्याचा प्रयत्न कोणीही करू शकेल, आणि विद्यार्थ्यांसाठी याहून उत्तम अभ्यास सापडणे कठीण. ‘स्पेस लायनर २००१’ मधील एखादा वर चढत जाणारा सूर घ्यावा : तो दोलकाचा दाब वाढवून काढला असेल, किंवा स्वतःच गुणगुणू लागलेल्या फिल्टरचा दाब वाढवून, किंवा फितीचा वेग बदलून. तिन्ही वाटांनी कानाला जवळपास तेच ऐकू येते.