तापलेल्या तारेने मोजलेली हवा

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला किती हवा लागते? हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पाहा. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि एक घनमीटर हवेचे सुमारे १.२ किलो. हिशेब केला की उत्तर येते जवळजवळ नऊ हजार लिटर! मोटारीचे इंजिन हे मुख्यतः हवा ओढणारे यंत्र आहे. पेट्रोल त्यात चवीपुरते पडते. म्हणून पेट्रोल नेमके द्यायचे, तर आधी हवा मोजायला हवी.

कार्ब्युरेटर ही मोजणी करत नसे. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब घटतो आणि पेट्रोल आपोआप ओढले जाते, एवढ्यावर त्याचे काम भागे. पण १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील धुरक्यामुळे मोटारींच्या धुरावर निर्बंध आले आणि हा अंदाजाचा कारभार पुरेनासा झाला. १९६७ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली फोक्सवॅगनच्या गाडीत आली. तीही हवा थेट मोजत नव्हती. इंजिनाचे फेरे आणि आत जाणाऱ्या हवेचा दाब यांवरून ती हवेचे गणित मांडत असे. इंजिनात काही फेरफार केला की गणित चुकलेच.

त्यानंतर १९७० च्या दशकात एल-जेट्रॉनिक आली. यातला 'एल' म्हणजे लुफ्ट, जर्मन भाषेत हवा. हवेच्या वाटेत स्प्रिंग लावलेला एक पडदा असे. हवा जास्त आली की पडदा जास्त उघडे, आणि त्याला जोडलेला बदलता रोध तेवढा विद्युतसंकेत देई. हौशी मंडळींनी यातली मेख लगेच ओळखली. स्प्रिंग जरा सैल केली की तेवढ्याच हवेत पडदा जास्त उघडतो, हवा वाढली असे इंजिनाच्या संगणकाला वाटते आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. पडद्याची खरी उणीव मात्र वेगळी होती. सुमारे सोळाशे मीटर उंचीवरील डेन्व्हरसारख्या शहरात हवा विरळ असते. तिथे पडदा हवेचा अंदाज चुकीने जास्त सांगे आणि पेट्रोल उगाच वाया जाई. ज्वलनाला महत्त्व हवेच्या वस्तुमानाचे, आकारमानाचे नव्हे.

उत्तर सापडले ते जुन्या भौतिकशास्त्रात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील लुई व्हेसो किंग यांनी १९१४ मध्ये, वाहत्या हवेत धरलेली तापलेली बारीक तार किती उष्णता गमावते, यावर निबंध लिहिला होता. गरम चहावर फुंकर घालणाऱ्या प्रत्येकाला हे तत्त्व ठाऊक आहे. किंग यांनी त्याला सूत्र दिले. तारेची उष्णता पळवतात ते हवेचे रेणू. हवा दाट असेल तर जास्त रेणू आदळतात, विरळ असेल तर कमी. म्हणजे तार आपोआप वस्तुमानच मोजते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉशने केसाएवढी बारीक प्लॅटिनमची तार हवेच्या नळीत ताणली. तिचे तापमान आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त राखायला जेवढा प्रवाह लागेल, तेच हवेचे माप. तारेवर धूळ बसली तर माप चुकते, म्हणून इंजिन बंद केल्यावर क्षणभर ती सुमारे हजार अंशांपर्यंत लालबुंद तापवून मळ जाळून टाकत.

अमेरिकेत फोर्डने १९८९ पासून मस्टँगच्या पाच लिटर इंजिनाला सर्वत्र असा संवेदक बसवला आणि शर्यतीच्या शौकिनांचे फावले. इंजिन सुधारले तरी तार खरी हवा मोजणारच! पण मग मोठे इंजेक्टर बसवावेसे वाटू लागले आणि त्यासाठी संवेदकाची नळीच बदलण्याची युक्ती निघाली. येथे एक हिशेब विद्यार्थ्यांना देण्यासारखा आहे. ६० मिलिमीटर व्यासाच्या नळीऐवजी ७५ मिलिमीटरची नळी घेतली, तर क्षेत्रफळ १.५६ पट होते. तेवढीच हवा आता सावकाश वाहते. तारेजवळचा वेग ०.६४ पट होतो. संगणकाला नळी बदलल्याचे माहीत नसते, त्यामुळे तो हवा ६४ टक्केच समजतो आणि पेट्रोलही तेवढेच देतो. इंजेक्टर १.५६ पट मोठे असतील तर हिशेब जुळला.

जुळला तो पेट्रोलचा. ठिणगी कधी पाडायची, हेही संगणक याच आकड्यावरून ठरवतो. हवा कमी, म्हणजे इंजिनावर भार कमी. विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून ठिणगी लवकर पाडायची, असा त्याचा विचार. प्रत्यक्षात सिलिंडर हवेने गच्च भरलेला असतो. लवकर पडलेल्या ठिणगीने दाब अवेळी चढतो, उरलेले मिश्रण एकदम पेट घेते, धातूवर हातोडी पडल्यासारखा आवाज येतो आणि फार काळ चालले तर पिस्टन फुटतो. पेट्रोलसाठी सांगितलेले खोटे असे ठिणगीपाशी उघडे पडते.

धुराच्या नळीतला ऑक्सिजन-संवेदक काही चुका निस्तरतो. व्होल्वोने तो १९७६ मध्ये प्रथम वापरला. सावकाश चालताना तो उरलेला ऑक्सिजन पाहून पेट्रोल कमीजास्त करवतो. पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की बहुतेक जुन्या प्रणाली त्याचे ऐकणे थांबवत, आणि पिस्टनला धोका असतो तो नेमका तेव्हाच. हवेची मूळ पेटी काढून नुसती गाळणी लावण्याचेही असेच: नळीचा व्यास तोच राहतो, पण तारेपाशी हवा सरळ न येता भोवरे करत येते आणि माप बिघडते.

आज जाणकार कारागीर आधी संवेदकाचा तक्ता पाहतो. किती व्होल्ट म्हणजे किती हवा, ही संगणकातली सारणी नव्या नळीप्रमाणे पुन्हा मोजून भरली, की इंधन आणि ठिणगी या दोहोंना हवेचा एकच, खरा आकडा मिळतो.