पणजोबांची बी.ए. आणि पाच विद्यापीठं

हातोद, देपालपूर, सांवेर या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात बसलं की कधी ना कधी कानावर येतं, "आमचे पणजोबा त्या काळी बी.ए. झाले होते." कुठून झाले म्हणून विचारावं तर उत्तर तयार असतं : "इंदूरहून." आणि शोध घेणारा माणूस नेमका इथेच अडकतो. कारण 1964 पर्यंत इंदूरला विद्यापीठच नव्हतं. कॉलेजं होती, वर्ग भरत होते, निकालही लागत होते, पण डिग्रीवरचा शिक्का मात्र परगावचा असायचा.

तो शिक्का कुठला, हे पणजोबांच्या सालावर ठरतं. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी 1887 मध्ये इंदूरला ख्रिश्चन कॉलेज काढलं. शिवाजीराव होळकर महाराजांनी 1891 मध्ये होळकर कॉलेज सुरू केलं. तेव्हा ही कॉलेजं कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली होती. कुठे माळवा आणि कुठे हुगळीचा काठ! पण त्या वेळच्या विद्यापीठांना आजच्यासारखी हद्द नव्हती. 1904 च्या विद्यापीठ कायद्याने हद्दी आखायची सोय केली आणि मध्य हिंदुस्थानची कॉलेजं अलाहाबादकडे गेली. पुढे अलाहाबाद विद्यापीठाने संलग्न कॉलेजांचा भार उतरवला, त्यासाठी 1927 मध्ये आग्रा विद्यापीठ निघालं आणि इंदूरची कॉलेजं तिकडे लागली. (खांडव्याहून आलेले किशोरकुमार ख्रिश्चन कॉलेजात होते, तो आग्र्याचाच काळ.) मध्य प्रदेश झाल्यावर 1957 मध्ये उज्जैनचं विक्रम विद्यापीठ आलं. 1964 मध्ये इंदूर विद्यापीठ निघालं आणि 1988 पासून त्याला देवी अहिल्येचं नाव मिळालं.

म्हणजे इंदूरच्या एकाच वर्गखोलीत शिकलेल्या चार पिढ्यांचे कागद पाच गावांना. सांध्यावरची सालं तर फारच फसवी. 1925 च्या सुमारास कॉलेजात गेलेल्या मुलाची इंटर अलाहाबादची आणि बी.ए. आग्र्याची असू शकते. शिवाय पुण्या-मुंबईला आत्या नाहीतर मामा असले की मराठी मुलगा तिकडेच जायचा, त्याचा कागद मुंबई विद्यापीठात. घरातली आठवण हे बारकावे ठेवत नाही. तिच्या लेखी सगळंच "इंदूर".

2005 च्या माहिती अधिकार कायद्यामुळे या शोधाला एक नवं दार उघडलं. या कायद्याकडे आपण रस्ता, टेंडर, रेशन यांचं हत्यार म्हणून पाहतो. इतिहासाच्या कामाला तो किती उपयोगी आहे, याचा विचार फारसा होत नाही. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ हे 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरतं, तेव्हा त्याला लोकमाहिती अधिकारी नेमावाच लागतो. माहिती कशाला हवी, हे सांगायची सक्ती नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. आणि आपल्या कामाचा खरा मुद्दा कलम 2 मध्ये आहे : नुसत्या प्रती मागण्याचाच हक्क नाही, तर कागद स्वतः जाऊन पाहण्याचा, टिपणं घेण्याचाही आहे. जुन्या नोंदवहीच्या बाबतीत हे फार मोलाचं. कारकुनाला एक नाव शोधायला लावलं तर तो "आढळून येत नाही" लिहून मोकळा होतो. आपण समोर बसून पानं उलटली तर 'Rao' आणि 'Row' अशी दोन्ही स्पेलिंगं आपल्या डोळ्यांना दिसतात, आडनाव न लावता नुसतं नाव आणि वडिलांचं नाव लिहिलेला मुलगाही सापडतो.

म्हणून अर्जाची भाषा जपून ठेवावी. "माझ्या पणजोबांविषयीची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज मेलाच म्हणून समजा. कायदा असलेला कागद दाखवायला लावतो, नवी माहिती तयार करून द्यायला लावत नाही. "अमुक साली बी.ए. झालेल्यांची नोंदवही पाहायची आहे" असं लिहिलं तर अधिकाऱ्याला एक ठरावीक वही शोधायची असते.

अर्जाची भाषा म्हणजे लिपी-बोलीही बरं का. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. मुंबई विद्यापीठाला मराठीत लिहिता येतं. इंदूरला मात्र हिंदी किंवा इंग्रजी. होळकरांचा दरबारी कारभार ज्या शहरात मोडीतून मराठीत चालला, तिथल्या मराठी माणसाने आपल्या पणजोबांची चौकशी हिंदीतून करायची! तक्रार म्हणून लिहीत नाही, पण गंमत नोंदवून ठेवायला हवी.

पाच विद्यापीठं म्हटली की नियमही एक राहत नाहीत. अलाहाबाद 2005 पासून केंद्रीय विद्यापीठ आहे, त्याचं अपील दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे. कलकत्त्याचं पश्चिम बंगालच्या आयोगाकडे, आग्र्याचं उत्तर प्रदेशच्या, उज्जैन आणि इंदूरचं भोपाळला. भोपाळच्या आयोगात 2024 साली काही महिने एकही आयुक्त नव्हता, हेही ध्यानात असू द्यावं. चुकीच्या दारात अर्ज पडला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायची तरतूद कायद्यात आहे. पण राज्याची सीमा ओलांडून तो आपोआप सरकेल, या भरवशावर राहू नये. आधी साल पक्कं करावं, मग विद्यापीठ, मग अर्ज.

कॉलेजांचंही तसंच. होळकर कॉलेज सरकारी, तेव्हा थेट अर्ज चालतो. खाजगी संस्थेच्या बाबतीत वाट थोडी आडवळणाची आहे : विद्यापीठाला इतर कायद्याखाली त्या संस्थेकडून जी माहिती मागवता येते, ती आपल्याला विद्यापीठामार्फत मागता येते. गावातल्या सरकारी शाळेचं दाखिल-खारिज रजिस्टर तर विसरूच नये. जन्मतारीख, वडिलांचं नाव, जात आणि शाळा सोडल्याचं साल हे सगळं तिथे एका ओळीत असतं. हातोदसारख्या गावातून पहिल्यांदा कोणत्या जातीची मुलं पुढे गेली, मुली कधीपासून, हे सांगणारा दुसरा एवढा सलग कागद मला तरी ठाऊक नाही.

आता अडचणीची बाजू. विद्यापीठ ठरावीक मुदतीनंतर कागद नष्ट करतं, आणि ते कायदेशीर असतं. उत्तरपत्रिका तर लवकरच जातात. योगायोग असा, की उत्तरपत्रिका पाहण्याच्या हक्काची लढाईही आपल्या जुन्या कलकत्ता विद्यापीठाविरुद्धच झाली. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने कलकत्ता उच्च न्यायालयाने 2008 आणि 2009 मध्ये निकाल दिले, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थींचा हक्क मान्य केला. पण त्याच निकालात हेही स्पष्ट झालं, की जपणुकीची मुदत संपून गेलेला कागद मागता येत नाही. तेव्हा उत्तरपत्रिकेचा नाद सोडावा. आपला भर नोंदवह्यांवर.

नोंदवही मागितली की हल्ली उत्तर येऊ लागलंय : "व्यक्तिगत माहिती, देता येत नाही." दिल्ली विद्यापीठाच्या 1978 च्या बी.ए. नोंदवहीवरून हा वाद गाजला, कारण ते पंतप्रधानांच्या पदवीचं वर्ष. केंद्रीय माहिती आयोगाने डिसेंबर 2016 मध्ये वही दाखवायला सांगितलं, जानेवारी 2017 मध्ये त्याला स्थगिती मिळाली आणि 25 ऑगस्ट 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. पाठोपाठ नोव्हेंबर 2025 मध्ये विदा संरक्षण कायद्यामुळे कलम 8(1)(j) बदललं. पूर्वी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक लोकहित यांना जागा होती, आता सरळ 'व्यक्तिगत माहिती' एवढंच उरलं. लोकहिताचं कलम 8(2) शाबूत आहे, तेवढाच आधार.

पण इतिहासाच्या अभ्यासकाने कलम 8(3) तोंडपाठ करावं. अर्जाच्या तारखेच्या 20 वर्षांपूर्वी घडून गेलेल्या गोष्टींची माहिती द्यायची आहे. त्याला अपवाद तीनच उपकलमांचे : देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. त्या तिघांत (j) नाही. 1913 सालचा बी.ए. या कलमाच्या आतला झाला. अर्जात हे कलम आकड्यानिशी लिहावं, म्हणजे नकार देणाऱ्याला त्याचं कारण लिहून द्यावं लागतं, आणि ते कारण अपिलात कामाला येतं.

दुसरंही एक उत्तर आहे, आणि मला ते जास्त आवडतं. ज्या नावांना आज खाजगी म्हटलं जातं, ती त्या काळी छापून विकली जात. कलकत्ता, अलाहाबाद, मुंबई या विद्यापीठांची 'कॅलेंडरं' निघत. भिंतीवरची नव्हेत, जाडजूड पुस्तकं. त्यांत नियम, अभ्यासक्रम आणि शेवटी पदवीधरांच्या याद्या असायच्या. जुन्या ग्रंथालयांत ती अजून मिळतात, काही तर इंटरनेटवर फुकट वाचता येतात. अर्ज करण्याआधी तीच पाहावीत. नाव सापडलं तर साल आणि श्रेणी हाताशी येते आणि नोंदवहीच्या नेमक्या पानाकडे बोट दाखवता येतं.

खरा पेच इंदूर विद्यापीठाच्या स्वतःच्या पहिल्या वह्यांचा आहे. 1964 नंतरचे ते पदवीधर आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांतले कित्येक आपल्यात आहेत. त्यांच्या नोंदी 20 वर्षांपेक्षा जुन्या, पण माणसं हयात. माझ्या मते तिथे वही मागण्याआधी त्या माणसांच्या घरी जावं. डिग्री भिंतीवर फ्रेममध्ये असते, आणि हातोदहून इंदूरला कॉलेजात कसं जायचो, खोली कुठे घेतली होती, महिन्याची खानावळ किती, हे कुठल्याच नोंदवहीत नसतं.