पाचवी, संक्रांत आणि वीस इंच बर्फ

शनिवार, 13 जानेवारी 1979. सकाळचे सात. शिकागोच्या उत्तर भागात, डेव्हन अ‍ॅव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत, तीन मजली विटांच्या एका इमारतीच्या जिन्यात तुम्ही उभे आहात. खिशातल्या मोबाइलला रेंज नाही, आणि ती यायला अजून बरीच वर्षं आहेत. बाहेर काल रात्रीपासून बर्फ पडतंय. पायात पुण्यात घेतलेले बूट, म्हणजे बिनकामाचे.

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं. आधी लसणाच्या फोडणीचा वास येतो, पाठोपाठ भोकाड, आणि मग माणूस: पस्तिशीचा, खांद्यावर टॉवेल, हातात दुधाचं पातेलं.

"आलात? या, या. दार लावा आधी."

तुम्ही कोण, हे तो विचारत नाही. भारतातून कुणाचा तरी कुणी, मावसभावाच्या मित्राचा मेहुणा वगैरे, चिठ्ठी घेऊन असा दारात उगवतोच. महिनाभर सोफ्यावर झोपतो, नोकरी लागली की जातो. तुमच्याकडे चिठ्ठी नाही, पण दोन हात आहेत, आणि आज या घराला तेवढं पुरे.

"लसूण सोलता येतो ना?"

या घराला मी आडनाव देत नाही. अशी घरं तेव्हा शिकागोत बरीच होती. 1965 पर्यंत भारतीयांना अमेरिकेत कायमचं राहायला वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. त्या वर्षी कायदा बदलला आणि इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापकांची रीघ लागली. हा गृहस्थ त्यातलाच. रिझर्व्ह बँकेने देऊ केलेले आठ डॉलर खिशात घेऊन आपण कसे उतरलो, हे तो तुम्हाला दुपारच्या आत सांगणार. त्या पिढीतले पुरुष ही गोष्ट सांगतातच, ऐकून घ्या. 1969 मध्ये इथे महाराष्ट्र मंडळ निघालं. 1974 मध्ये डेव्हनवर पटेल बंधूंचं दुकान झालं आणि तूरडाळीसाठी मुंबईला पत्र लिहायचं थांबलं.

आतल्या खोलीत बाळंतीण आहे. बुधवारी मुलगी झाली, काल दुपारी हॉस्पिटलातून घरी आली. बाळ गाडीतून आईच्या मांडीवर बसून आलं. लहान मुलांच्या सीटचा कायदा इलिनॉयमध्ये 1983 साली येणार आहे. खोलीत खिडकीखाली लोखंडी रेडिएटर फुसफुसतोय. त्याच्यावर एका ओळीत दुपटी, लंगोट आणि एक झबलं.

ती तुम्हाला हॉस्पिटलचं सांगते. बाळ काचेपलीकडच्या खोलीत ठेवायचे आणि चार-चार तासांनी आणून द्यायचे. घरी येताना भेट म्हणून दुधाच्या पावडरीचा डबा हातात ठेवला. बाळंत झाल्याबरोबर नर्सने बर्फ घातलेलं पाणी दिलं. "मी ग्लास रेडिएटरच्या टोकावर ठेवला. कोमट झालं तेव्हा प्यायले. नर्सला वाटलं, बाई विसरली." जन्मदाखल्यासाठी नावही दुसऱ्या दिवशीच मागितलं. बारशाच्या आधी नाव बाहेर फोडायचं म्हणजे काय, हे त्या बाईंना कसं समजावणार? नाव देऊन टाकलं. आता फक्त ते आजीला कळता कामा नये.

मधल्या मुलाच्या वेळी तर सुंतेचा कागद सहीला आला होता. बापाने न वाचताच पेन काढलं होतं, तेवढ्यात तिने वाचलं. ही हकिकत मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला निघते आणि दर वेळी बाप उठून गाडीतून काहीतरी आणायला जातो.

तर मुद्दा असा, की आजी नाही. पुण्यात हे बाळंतपण सात-आठ जणांत वाटलेलं असतं. तेल लावून न्हाऊ घालणारी बाई वेगळी, शेगडी पेटवणारी मावशी वेगळी, लंगोट धुणारी मोलकरीण वेगळी, आणि मधल्या पोराला कडेवर घेऊन गल्ली दाखवणारी काकू वेगळी. बापाकडे काम एकच, औषधं आणणं आणि दारातून डोकावणं. तेही "आता जा बाहेर" ऐकण्यापुरतं. इथे त्या सात-आठ जणांच्या जागी हा एक इंजिनिअर. आजीचं तिकीट काढलं आहे, ती उद्या पोचणार आहे. पण खिडकीतून बघा. रस्ता कुठला आणि फुटपाथ कुठला ते कळत नाही, गाड्यांच्या जागी उंचवटे आहेत, आणि ओहेअर विमानतळ बंद झाल्याचं रेडिओ सांगतोय.

दुपारी तो तुम्हाला तळघरात नेतो. तिथे इमारतीच्या सगळ्या बिऱ्हाडांसाठी मिळून दोन वॉशिंग मशीन आहेत, पंचवीस सेंटच्या नाण्यावर चालणारी. डिस्पोजेबल नॅप्या बाजारात कधीच्या आल्यात, पण किंमत बघून तो त्या फक्त प्रवासाला वापरतो. मशीनसाठी कॉफीच्या डब्यात नाणी साठवलेली असतात. डबा हलवतो, आवाज येत नाही. थोरल्या मुलीने त्यातून शाळेच्या दुधाचे पैसे नेले होते. बँक बंद, कोपऱ्यावरचं दुकान बंद, खालच्या म्हाताऱ्या ज्यू बाईंकडे दोन नाणी निघतात आणि सोबत चिकन सूपचं भलंमोठं भांडं. बाळंतिणीला शक्ती येते म्हणे. तो मनापासून आभार मानतो. घर शाकाहारी, त्यामुळे सूप तुमच्या वाट्याला येतं. गाजर मऊ शिजलंय, वर चरबीचा पातळ पिवळा थर आहे. संपवाच, भांडं रिकामं परत गेलं पाहिजे.

दोन नाण्यांत एक खेप होते. उरलेले लंगोट तो न्हाणीघरातल्या टबमध्ये, गुडघ्यावर बसून, हाताने धुतो. आधी गार पाण्यात खळबळून, मग साबण, मग गरम पाणी. डाग गरम पाण्याने पक्का होतो हे तो थोरलीच्या वेळी शिकला. पिळण्याची पद्धत बघा: मधोमध दुमडून, नळाला अडकवून, दोन्ही टोकं एका हातात. हे कोणी शिकवलेलं नाही. परदेशातल्या मराठी संसारांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि त्यात आईच्या हातच्या पोळीची आठवण इतक्यांदा येते की पान उलटावंसं वाटतं. टबशेजारी बसलेला हा बाप त्यात मला फारसा भेटला नाही.

रविवार उजाडतो. 14 जानेवारी, संक्रांत. आणि बाळाचा पाचवा दिवस, म्हणजे आज पाचवी. कुणाकडे पाचवीला पुजतात, कुणाकडे सहाव्या रात्री. या घरात पाचवी. बर्फ वीस इंचांच्या आसपास पडून गेलंय. थर्टीफर्स्टच्या वादळाचं आधीचं होतंच, मिळून जमिनीवर एकोणतीस इंच. जुने लोक 1967 च्या वादळाशी तुलना करतायत, तेव्हा एका दमात तेवीस इंच पडलं होतं. लोक फावडी घेऊन आपापली गाडी उकरतात आणि ती जागा दुसऱ्याने बळकावू नये म्हणून तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची, इस्त्रीचं टेबल, जे असेल ते मांडून ठेवतात. शिकागोत हा अलिखित कायदा आहे. खुर्ची हलवली तर टायरची हवा जाऊ शकते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शाळा उद्याही बंद. थोरली सहा वर्षांची आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय की घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मुलगी मागे पडेल. आई-बापांनी ते अर्धं ऐकलं, म्हणजे रागावताना मराठी आणि गृहपाठाला इंग्रजी. मधला अडीच वर्षांचा. बाळ आल्यापासून त्याने चालणं सोडलंय, रांगतो. त्याला टीव्हीसमोर बसवायचं म्हटलं तर तो बसत नाही. मग तो तुमच्या मांडीवर येतो आणि तुमच्या चष्म्याची काडी चघळतो. असू द्या.

तीळ आहेत, गूळ पटेलांकडचा आहे. हलव्याचे दागिने आजीच्या बॅगेत, आणि आजी वाटेत. बोरनहाण रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, त्यामुळे त्याची चिंता नाही. चिंता पाचवीची. सोयर आहे म्हणून देवपूजा नाही, पण सटवाईला टाळून चालत नाही. ती येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाणार. बाळंतीण पलंगावरून सूचना देते आणि इंजिनिअर, जो ऑफिसात पुलांचे गर्डर तपासतो आणि देवाधर्माला हसतो, मुकाट्याने मांडामांड करतो. पाटा-वरवंटा नाही, तर पोळपाट-लाटणं. विळी नाही, तर सुरी. कोरा कागद म्हणून ऑफिसातलं पिवळं रेघी पॅड आणि बॉलपेन. समई पेटवून रात्रभर ठेवायची, तर पडदे लांब बांधायचे.

"तिला इंग्रजी येतं का?" थोरली विचारते. इंग्रजीतच.

"तिला सगळं येतं. झोप आता."

रात्री साडेआठला फोनची गडबड. घड्याळात अकरा तास तीस मिनिटं मिळवा: पुण्यात सोमवारची सकाळ, आठ. परदेशी कॉल ऑपरेटरकडून लावून घ्यायचा, तो लागेपर्यंत फोनपाशी बसायचं. तिकडे घरात फोन नाही, शेजाऱ्यांचा पीपी नंबर. शेजारी जिन्यातून हाक मारणार, आजोबा चपला शोधणार, आणि तीन मिनिटांच्या कॉलमधलं एक मिनिट तिथेच जाणार. दोन्ही बाजूंनी सगळे ओरडून बोलतात. आजोबा सांगतात, आजी शनिवारी रात्रीच निघाली. मग ती आहे कुठे?

तासाभराने न्यूयॉर्कहून फोन येतो. विमान तिथवर आलं, पुढचं रद्द. आजीच्या पिशवीला जावयाने पाठवलेलं कार्ड टाचलेलं होतं, मोठ्या अक्षरांत: मला इंग्रजी येत नाही, मला शिकागोला जायचं आहे, कृपया मदत करा, खाली दोन फोन नंबर. ते बघून कुणा पंजाबी टॅक्सीवाल्याने दुसरा नंबर फिरवला. तो क्वीन्समधल्या ओळखीच्यांचा. कस्टम्सवाल्यांनी डिंकाचे लाडू फोडून बघितले आणि सोडले, ओली हळद मात्र ठेवून घेतली. आजी सुखरूप आहे, ओल्या हळदीवरून चिडलेली आहे, आणि उद्या तिला फ्लशिंगच्या गणपतीला नेणार आहेत. ते देऊळ उभं राहून अजून दोन वर्षंही झालेली नाहीत.

सोमवारी सकाळी पिवळ्या पॅडवर लिखाण सापडतं. लाल खडूने, पानभर, गोलगोल. मधल्याच्या बोटांना लाल रंग आहे. बाळंतीण हसते तेव्हा तिला टाके दुखतात, तरी हसते. कागद फाडून टाकत नाही, पासपोर्टच्या फायलीत ठेवते.

आजी बुधवारी पोचते. नऊवारीवर जावयाचा ओव्हरकोट, पायात पुरुषी मोजे आणि चपला. आल्याआल्या हात धुते, बाळाची टाळू बघते, आणि मग घरावरून नजर फिरवते. लंगोट घड्या घालून रचलेत. हळिवाची खीर तयार आहे. बाळंतिणीच्या डोक्याला रुमाल बांधलेला. तिच्या लक्षात येतं, आणि ते तिला आवडत नाही. त्या क्षणापासून जावयाला न्हाणीघरात मज्जाव. तो दुपारी ऑफिसला जातो. दोन दिवसांनी तो तुमच्या कानात सांगतो, की आई तेल फार थंड लावतायत. आधी वाटी रेडिएटरवर ठेवायला पाहिजे. त्यांना सांगायची मात्र त्याची हिंमत नाही.

एकविसाला, रविवारी, बारसं. निम्मे पाहुणे बर्फामुळे येऊ शकत नाहीत. आत्या नाही म्हणून समोरच्या इमारतीतली गुजराती बेन आत्या होते आणि बाळाच्या कानात नाव सांगते. आजी ते नाव पहिल्यांदाच ऐकते, किंवा तसं दाखवते. बर्फाच्या सफाईवरून शहर इतकं चिडलंय की सव्वा महिन्यात, 27 फेब्रुवारीच्या प्रायमरीत, महापौर बिलँडिक यांना जेन बर्न हरवणार आहेत. हे तुम्हाला माहीत आहे, पण सांगू नका. कोणी विश्वास ठेवणार नाही.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आजी एरोग्राम सांगते, मुलगी लिहिते. निळा कागद, जागा मोजकी, म्हणून अक्षर बारीक.

"लिही, बाळ-बाळंतीण खुशाल. जावईबापू मदत करतात."

"काय काय करतात ते लिहू?"

"मुळीच नको. हे पत्र तुझे सासरेही वाचतील."

मुलगी पेन थांबवून तुमच्याकडे बघते. तेवढ्यात ओट्याकडून, पाठमोरा, तो म्हणतो, "जागा उरली तर लिहा, हळीव संपत आलेत. पुढच्या माणसाबरोबर अर्धा किलो पाठवायला सांगा."