पंख्याचा फटका आणि एका देशाची गुलामी

१८२७ साली अल्जिअर्सचा शासक हुसेन देय याने फ्रेंच वकिलाला माशा उडवण्याच्या पंख्याने फटकावले. वाद उधारीचा होता. १७९० च्या दशकात फ्रान्सने सैन्यासाठी अल्जेरियाचा गहू नेला होता. पैसे मात्र थकवले होते. ऋणकोनेच धनकोची नाकेबंदी केली आणि १८३० मध्ये फौज उतरवली. निमित्त राष्ट्राच्या अपमानाचे होते. खरी निकड होती ती राजा दहाव्या चार्ल्सची डळमळती गादी सावरण्याची.

५ जुलै १८३० रोजी शहर शरण आले. धर्माला व मालमत्तेला हात लावणार नाही, असा लेखी करार झाला. महिन्याभरात चार्ल्सची गादी गेली, फौज मात्र परतली नाही. वक्फच्या मिळकती सरकारजमा होऊ लागल्या. १८३२ मध्ये केचावा मशिदीचे चर्च झाले. ज्यांना सुधारायला आलो त्यांच्याहून आपणच अधिक रानटी ठरलो, अशी कबुली १८३३ मध्ये खुद्द फ्रेंच चौकशी आयोगाने दिली. तरीही ताबा सोडू नये, हीच त्याची शिफारस!

१८४५ मध्ये दाहराच्या गुहेत लपलेली शेकडो माणसे, बायकामुलांसह, कर्नल पेलिसिएने धुराने गुदमरवून मारली. पुढे तो अल्जेरियाचा गव्हर्नर जनरल झाला. याच फ्रेंचांशी पंधरा वर्षे लढलेल्या अमीर अब्दुल कादिर यांनी १८६० मध्ये दमास्कसच्या दंगलीत हजारो ख्रिश्चनांचे प्राण वाचवले. मग रानटी कोण?

अपमान, सुव्यवस्था, सुधारणा... कारणे बदलत गेली. ताबा १९६२ पर्यंत राहिला. निमित्त संपल्यावरही जी फौज परतत नाही, तिचा हेतू पहिल्यापासूनच वेगळा असतो.