कामावर, उचलीवर, टँकरवर

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात १९७२ सालची आठवण निघाली, की जुनी माणसं ‘आम्ही कामावर होतो’ एवढ्या तीन शब्दांत ते वर्ष सांगून टाकतात. कोणतं काम, हे सांगावं लागत नाही. खडी फोडणं, पाझर तलावाच्या भरावावर माती टाकणं, नालाबांध घालणं, रस्त्यावर मुरूम पसरणं हे सगळं त्या एका शब्दात येतं. स्वतःच्या शेतात राबायला माणूस ‘रानात’ जातो, शेजाऱ्याच्या शेतात भांगलायला बाई ‘रोजानं’ जाते आणि सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामाला दोघं ‘कामावर’ जातात. कष्ट तेच, पण प्रत्यय बदलला की नातं बदलतं. सातारा-सांगलीच्या बोलण्यातला ‘वर’ फक्त जागा दाखवत नाही. माणसाचं पोट कशाच्या आधारावर आहे आणि तो आधार कोणाच्या हातात आहे, हे तो सांगतो. गेल्या दीडशे वर्षांत इथल्या सामान्य माणसाचे आधार कसे बदलत गेले, याचा पुरावा म्हणून या शब्दप्रयोगांकडे पाहिलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे प्रयोग महाराष्ट्रात सगळीकडे आहेत, मग सातारा-सांगलीचं वेगळेपण काय? शब्द सगळीकडचे आहेत, हे खरंच. पण इतक्या जवळजवळ नांदणाऱ्या दोन टोकांच्या जमिनी फार थोड्या जिल्ह्यांत आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघालेल्या कृष्णा कालव्यानं नदीकाठच्या गावांना एकोणिसाव्या शतकातच पाटाचं पाणी दिलं, आणि पूर्वेकडची गावं मात्र आभाळाकडेच बघत राहिली. १९४९ पर्यंत हा बहुतेक मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. नंतर दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पाण्याची विभागणी या प्रशासकीय रेघेला जुमानत नाही. दोन्ही जिल्ह्यांचा पश्चिम भाग पाटावर आणि पूर्व भाग पावसावर, अशी ती आहे. म्हणून इथे ‘वर’ला सतत काम पडलं.

दुष्काळी काम १९७२ मध्ये सुरू झालेलं नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारनं सातारा भागातही अशी कामं काढली होती, आणि त्या कामांवरच्या अपुऱ्या मजुरीबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेनं माहिती गोळा करून सरकारकडे अर्ज केले होते. काम मिळणं ही तेव्हा सरकारची मर्जी होती. विसाव्या शतकात तिचा हक्क झाला, तो तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्यामुळे. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये विसापूर परिसरात काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, राज्यभरात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यांत भूमिहीन होते तसे कोरडवाहू जमिनीचे मालकही होते. ज्या घरची बाई कधी दुसऱ्याच्या बांधावर गेली नव्हती, तीही डोक्यावर पाटी घेऊन रांगेत उभी होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. इंग्रजीतला ‘ऑन’ही आपल्या ‘वर’सारखाच बोलतो. इंग्लंडमध्ये गरिबांना स्थानिक धर्मक्षेत्राच्या करातून मदत मिळे, तेव्हा अशा माणसाला ‘ऑन द पॅरिश’ म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर बेकारभत्ता आला आणि ‘ऑन द डोल’ रूढ झालं. दोन्हींत मदत घेणारा दिसतो, त्याचे कष्ट दिसत नाहीत. आपल्याकडे रूढ झालेल्या ‘कामावर’ या शब्दात कष्टच पुढे आहेत, आणि पागे यांच्या योजनेचं मर्मही तेच होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘विहिरीवर’, ‘फडावर’, ‘कारखान्यावर’ यांत ‘वर’ म्हणजे साधं ठिकाण, त्यातून अर्थकारण काढणं म्हणजे ओढाताण, असं कोणी म्हणेल. या शब्दांपुरतं ते मान्य आहे. पण जिथे ठिकाणच नाही तिथे काय म्हणणार? ऊसतोड कामगार ‘उचलीवर’ येतो. उचल ही जागा नव्हे, हंगामाआधी मुकादमानं दिलेली आगाऊ रक्कम आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्याच्या हिशेबानं ठरते. जोडीदार नसेल तर तो अर्धा कोयता. पहाटे अंधारात फडात शिरून बुडख्याला घाव घालायचा, पाचट काढायचं, वाढं तोडायचं, मोळी बांधायची आणि गाडी भरायची, असं करत ती रक्कम टनाटनानं फेडायची. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला तरी फिटली नाही, तर बाकी ‘अंगावर’ राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावं लागतं. इथे ‘वर’ची दिशाच उलटली आहे. आधी माणूस पैशावर उभा होता, आता पैसा माणसावर बसला आहे. वसंतदादा पाटलांनी सांगलीत आणि यशवंतराव मोहित्यांनी रेठऱ्यात उभ्या केलेल्या सहकारी कारखान्यांनी कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मालक केलं, ही मोठीच गोष्ट आहे. पण जतसारख्या कोरड्या तालुक्यांतून किंवा बीडहून येणारा तोडकरी त्या मालकीत कुठे होता, हे विचारायचं असेल तर कारखान्याच्या अहवालापेक्षा ‘अंगावर’ हा शब्द जास्त बोलका आहे.

कुळांच्या बाबतीत हा पुरावा तितका स्वच्छ नाही, हेही नोंदवायला हवं. जमीन ‘खंडानं’ घेतात आणि ‘वाट्यानं’ करतात. तिथे ‘नं’चं राज्य आहे, ‘वर’ क्वचित येतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं कसणारा कायद्यानं मालक ठरला, तरी तोंडी वाटा चालूच राहिला. कूळ निदान पिकात भागीदार होतं, म्हणून तिथे ‘वर’ घट्ट बसला नसावा, असं मला वाटतं. सिद्ध करता येईल असं हे विधान नाही.

अलीकडच्या दुष्काळांनी ‘वर’च्या यादीत भर घातली. २०१२-१३ मध्ये माण, आटपाडी, जतकडची जनावरं छावणीवर गेली आणि त्यांच्या मागे माणसंही. चारा मिळेल तिथे घर. ‘गाव टँकरवर आहे’ हे वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसलं, आणि टँकर कधी येणार हे तहसील कचेरी ठरवू लागली. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी पोचलं तिथे टँकर गेले, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, आणि आता ते पीक ‘आवर्तनावर’, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीवर, आहे. आवर्तन पंपावर, पंप विजेवर; थकलेल्या वीजबिलापायी पंप बंद पडल्याचे प्रसंगही आले आहेत. पाणी न पोचलेल्या जतच्या पूर्व भागातल्या गावांनी २०२२ मध्ये कर्नाटकात जाण्याची भाषा केली, ती या साखळीचं पहिलं टोकसुद्धा हाताला लागत नव्हतं म्हणून.