ढोराचं दुखण्याचं इंजेक्शन आणि प्राणहितेवरची गिधाडं

पालरापू हा प्राणहिता आणि पेद्दवागूच्या संगमाजवळचा उभा कडा. 2013 मध्ये इथे लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आढळली. तेव्हा हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. ऑक्टोबर 2016 च्या फेररचनेत बेज्जूर-पेंचिकलपेठचं हे जंगल कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. नदीपलीकडे गडचिरोली. अन्न शोधत दिवसाला शंभर किलोमीटरचा फेरा गिधाडाला जड नाही. त्यामुळे कड्यावरचा पक्षी महाराष्ट्रात पडलेलं ढोर खाऊन तेलंगणात येऊन मरू शकतो.

मरण्याचं कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. 1990 च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडं मान खाली टाकून बसलेली आणि नंतर मेलेली दिसू लागली. आधी संशय एखाद्या साथीवर होता. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून खरं कारण निघालं : डायक्लोफिनॅक. ताप, सूज, लंगडणं यासाठी गुरांना सर्रास दिलं जाणारं स्वस्त औषध.

बैलाला ते चालतं, आठवड्याभरात अंगातून निघूनही जातं. अडचण होते ती इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं तर. मग औषध काळीज, मूत्रपिंड आणि मांसात शिल्लक राहतं. गिधाडाच्या पोटात ते गेलं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक अॅसिड साचतं आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसतो. काही दिवसांत पक्षी मरतो.

सगळी ढोरं विषारी असायचीही गरज नव्हती. शंभरातलं एकसुद्धा नाही, त्याहून कमी ढोरांत हे औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, असं गणित अभ्यासकांनी मांडलं. गिधाडं एकेकटी जेवत नाहीत, एका ढोरावर थवाच उतरतो. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटली, तर लांब चोचीची सुमारे 97 टक्के. उघड्यावरची मढी मग कुत्र्यांच्या वाट्याला आली. गिधाडं गेल्यानं 2000 ते 2005 मध्ये देशात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली, असा अंदाज 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात आहे.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. पण माणसांच्या औषधाची मोठी बाटली गोठ्यात जातच राहिली. म्हणून 2015 मध्ये केंद्रानं माणसांसाठीचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एका डोसपुरतं मर्यादित केलं. कंपन्या कोर्टात गेल्या. 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं निर्णय कायम ठेवला. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही औषधंही गुरांसाठी बंद झाली. असेक्लोफिनॅकचं तर गुरांच्या अंगात डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे नाव वेगळं, विष तेच! त्यानंतर निमेसुलाइडवरही बंदी आली. एकेक औषध बंद करायला इतकी वर्षं लागावीत, हे काही कौतुकाचं नाही.

बंदीनंतर घसरण मंदावली, पण संख्या परत आलेली नाही. जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोर प्रजनन केंद्रातून वीस गिधाडं महाराष्ट्रात आणली गेली. पांढऱ्या पाठीची दहा ताडोब्याला, लांब चोचीची दहा पेंचला. ताडोबा म्हणजे आदिलाबादला लागून असलेला चंद्रपूर जिल्हा. तिथून उडालेला पक्षी कुठल्या गावाच्या शिवारात उतरेल, सांगता येत नाही.

पर्याय महाग नाहीत. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक अॅसिड ही दोन्ही औषधं गिधाडांना धोक्याची नाहीत, असं चाचण्यांत दिसलं आहे. गुरांच्या डॉक्टरला किंवा गोपालमित्राला इंजेक्शनचं नाव विचारावं आणि मेलॉक्सिकॅम चालेल का ते पाहावं. औषधाच्या दुकानातून माणसांची बाटली आणून बैलाला टोचू नये. शेवटच्या आठवड्यात दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं ढोर मेलं, आणि ते कोणतं हे आठवत नसेल, तर उघड्यावर टाकण्याऐवजी खोल खड्डा करून पुरावं. गडचिरोलीत वनविभागानं गिधाडांसाठी चालवलेल्या खाद्यस्थळांवर ढोर देतानाही मालकानं हीच माहिती आधी सांगायला हवी.